हजारात नव्वद पैसे

८ जुलै २०२०. मार्चात शाळा बंद पडल्यापासून कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रीमाँटच्या घरातली गाडी रस्त्यावर गेली होती आणि गॅरेजची तालीम झाली होती. कुणीतरी काढून टाकलेली, कडेला फाटलेली मॅट मी शंभर डॉलरला आणून अंथरली होती. थोरला तेव्हा पंधराचा. जोडीला कुणी नाही म्हणून तो बिचारा हवेतच डाव मारत होता, आणि मी दारात चहाचा कप घेऊन, कानात हेडफोन घालून, ऑफिसच्या मीटिंगला हजर असल्याचं सोंग करत होतो. तेवढ्यात फोनवर बातमी आली. स्टॅनफर्ड विद्यापीठ आपल्या ३६ खेळांपैकी ११ खेळ पुढच्या शैक्षणिक वर्षाअखेर बंद करणार.

यादी वाचत गेलो. तलवारबाजी, मुलांची आणि मुलींची. हॉकी. मुलांचं रोइंग, मुलींचं लाइटवेट रोइंग. शिडाच्या होड्यांचे दोन संघ. स्क्वॉश. सिंक्रोनाइज्ड स्विमिंग. मुलांचा व्हॉलीबॉल. आणि शेवटी कुस्ती. इंग्रजी बाराखडीत कुस्तीचा डब्ल्यू तसाही शेवटीच येतो, पण यादीत ती तळाला दिसल्यावर मला ते लागलंच. २४०हून अधिक खेळाडू, २२ प्रशिक्षक. सगळ्यांना म्हणे त्याच दिवशी कळलं.

थोरल्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ओके," आणि पुन्हा हवेतल्या माणसाचा पाय धरला.

स्टॅनफर्डशी आमचं नातं काय म्हणाल, तर काही नाही. तिथं मी शिकलो नाही, आणि पोराचे मार्क पाहता तो शिकेल असंही कुणी म्हणत नव्हतं. पण डंबार्टन पूल ओलांडला की अर्ध्या तासात बर्नहॅम पॅव्हेलियन. हिवाळ्यात तिथं कुस्त्या असायच्या. हॉल लहानसा, पहिल्या रांगेत बसलं की पैलवानाच्या घामाचे थेंब मॅटवर पडताना दिसायचे. इथली कॉलेजातली कुस्ती आपल्यापेक्षा वेगळी. पाठ टेकवली की निकाल हे खरं, पण बहुतेक कुस्त्या गुणांवर सुटतात, आणि नुसतं वर बसून दाबून धरलं तरी त्या वेळाचा गुण मिळतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो चक्क रडीचा डाव वाटला होता. पुढे पुढे कळायला लागलं की दाबून धरणाऱ्यापेक्षा खालून सुटणाऱ्याची कुस्ती बघायची असते. वासाची मात्र कधी सवय झाली नाही. मॅटला जंतुनाशकाचा वास येतो. आमच्या तालमीतल्या लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू असं काय काय मुरलेलं असायचं. तो वास अंघोळीनंही जायचा नाही, शाळेत बाकावरचा शेजारी नाक दाबायचा.

आमचं गाव आत्ताच्या पलूस तालुक्यात. कुंडलचं मैदान हाकेच्या अंतरावर म्हटलं तरी चालेल. जत्रेत सकाळी सकाळी पोराटोरांच्या कुस्त्या लागायच्या त्या रेवड्यांवर. पाटलाच्या हातातल्या परातीतून मूठभर रेवड्या मिळायच्या, बस्स. मी सलग तीन जत्रा रेवड्या जिंकल्या, हीच माझी कारकीर्द. नववीत आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तालीम बंद केली. आण्णा साखर कारखान्यात कॅशिअर होते. एरवी कमी बोलायचे, त्या दिवशीही कमीच बोलले. "कुस्ती खेळून पोट भरतंय व्हय रं कुणाचं?" झालं. लंगोट खुंटीवर गेला, मी गणितात पडलो, इंजिनीअर झालो, इथं आलो. हे वाक्य मी पुढं तीस वर्षं डोक्यात बाळगलं आणि, लपवून काय उपयोग, एकदा थोरल्यालाही ऐकवलं. इंग्रजीत. इंग्रजीत ते आणखी वाईट लागतं.

त्या रात्री, म्हणजे त्यांच्या सकाळी, आण्णांना व्हिडिओ कॉल लावला. अमेरिकेच्या बातम्यांत त्यांना रस नसतो. पण आकडा म्हटला की म्हातारा सावरून बसतो.

"तूट किती हाय?"

मी विद्यापीठाचं पत्र काढलं. करोनाच्या आधीच क्रीडाविभागाची तूट वर्षाला १ कोटी २० लाख डॉलरच्या वर जाणार होती. आता करोना धरून त्या वर्षाची तूट, सगळं नीट झालं तरी, अडीच कोटी डॉलर. तीन वर्षांची मिळून ७ कोटींच्या आसपास. आणि हे ११ खेळ कायमचे जगवायचे तर २० कोटींहून जास्त डॉलर हवेत.

"आन् शिलकीत?"

स्टॅनफर्डचा कायम निधी तेव्हा सुमारे २,७७० कोटी डॉलर होता. रुपयांत दोन लाख कोटींच्या वर. आण्णांनी चष्मा काढला, पुसला, घातला. कागदावर काहीतरी खरडलं.

"म्हंजे हजारात नव्वद पैशे."

"काय?"

"हजार रुपये बाळगणाऱ्या माणसाला नव्वद पैशे कमी पडल्यात. तीन वर्साचं मिळून अडीच रुपये."

मी नंतर कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. बरोबर होतं.

विद्यापीठाची बाजूही मी त्यांना सांगितली, कारण ती अगदीच खोटी नव्हती. कायम निधी म्हणजे काही गल्ला नव्हे. हजारो दात्यांनी हजारो कारणांसाठी दिलेल्या ठेवी. कुणी कर्करोगाच्या संशोधनासाठी, कुणी गरीब मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी, कुणी एखाद्या प्राध्यापकाच्या खुर्चीसाठी. मुद्दल तोडायचं नाही, वर्षाला पाचेक टक्के काढून खर्च करायचे. हे आण्णांना लगेच पटलं. देवाच्या दिवाबत्तीला दिलेल्या इनाम जमिनीच्या उत्पन्नातून सभामंडपाची फरशी बसवता येत नाही, हे त्यांना मी काय सांगणार? त्या २० कोटींचाही अर्थ त्यांनीच लावला. तेवढ्यांची ठेव ठेवली की चार-पाच टक्क्यांनी वर्षाला ८० लाख ते १ कोटी सुटणार, त्यावर ११ संघ चालणार. "म्हंजे खेळायचं असंल तर आधी भांडवल आना आन् व्याजावर खेळा," आण्णा म्हणाले. "पर मग फुटबॉलला आसंच सांगितलंय का?"

फुटबॉलला असं कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठाचा क्रीडाविभाग म्हणजे एकत्र कुटुंब आहे. कमावता थोरला भाऊ फुटबॉल, त्याच्या खालोखाल बास्केटबॉल. टीव्हीचे हक्क, तिकिटं, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, सगळं त्यांच्या नावावर येतं. बाकीची भावंडं त्या पैशावर जेवतात. घरात धान्य असेतो कुणी कुणाचं ताट मोजत नाही. दुष्काळ पडला की पहिल्यांदा मोजतात ते खाणाऱ्यांची ताटं. कमावता भाऊ कमावतो किती आणि उडवतो किती, हा विषय जेवणाच्या वेळी काढायचा नसतो. त्याच वर्षी डिसेंबरात, दुसऱ्या एका विद्यापीठानं, ऑबर्ननं, आपल्या फुटबॉल प्रशिक्षकाला घरी पाठवलं. कराराप्रमाणं त्याला २ कोटी १० लाख डॉलरांहून जास्त द्यावे लागले. प्रशिक्षण न देण्याचे. ऐकून आण्णा म्हणाले, "आमच्या कारखान्यात एमडीला काढला तवा बी आसंच झालतं," आणि एक लांबलचक गोष्ट सुरू केली, ती इथं नको.

मात्र या ११ खेळांना नुसतं गरीब बिचारं म्हणायला मी तयार नाही. तलवारबाजी, होड्या, स्क्वॉश ही काही गोरगरिबांच्या पोरांची चैन नव्हे. स्क्वॉश तर आपल्या मुंबईच्या जिमखान्यांतली मुलं खेळून खेळून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कॉलेजांत पोचतात. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजनं १९९८ ते २०१२ सलग २५२ सामने जिंकले, त्यात भारतातून गेलेल्या मुलांचा वाटा होता. या खेळांच्या दारातून श्रीमंतांची मुलं हळूच आत येतात, हा आरोप जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. २०१९ मध्ये प्रवेशाचा मोठा घोटाळा उघडकीला आला, त्यात स्टॅनफर्डचा शिडाच्या होड्यांचा प्रशिक्षक सापडला. श्रीमंतांच्या मुलांना नाविक म्हणून दाखवायचं आणि बदल्यात पैसे. सहा लाख डॉलरांहून जास्त. पण ते पैसे त्याच्या खिशात गेले नाहीत, विद्यापीठाच्याच होड्यांच्या खात्यात गेले. न्यायाधीशांनी त्याला तुरुंगवास दिला एक दिवसाचा, तोही आधीच भोगलेला. मी त्याची वकिली करत नाही. पण ज्या घरात धाकट्याला रोज सांगितलं जातं की तुझं तू भागव, त्या घरात धाकटा कधीतरी कुठून आणलंस ते सांगेनासा होतो. त्याला ठोकायला हवाच. ठोकताना 'तुझं तू भागव' कुणी म्हटलं होतं, तेही कुणीतरी लिहून ठेवावं.

कुस्तीचं मात्र तसं नव्हतं. कुस्तीला ना होडी लागते ना क्लबाची मेंबरशिप. इथं ती पेनसिल्व्हेनिया, आयोवा, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियाच्या मधल्या शेतीपट्ट्यात फोफावते. थोरल्याच्या शाळेच्या संघात बाप ट्रक चालवणारी, शेतावर राबणारी पोरं होती, आणि हा एक आमचा, आयटीवाल्याचा. चढाईत बरा, पण तोंडाला कुणाचा हात लागलेला सहन न होणारा.

सप्टेंबरात आणखी एक गंमत झाली. गंमतच म्हणायची. व्हर्जिनियातलं विल्यम अँड मेरी हे १६९३चं कॉलेज, अमेरिकेतलं दुसरं जुनं. त्यांनीही सात खेळ बंद केले आणि तसं पत्र काढलं. लोकांनी ते वाचलं आणि म्हणाले, हे तर कुठंतरी वाचलंय. बरीचशी वाक्यं स्टॅनफर्डच्या पत्रातली उचललेली! दुःख, हळहळ, 'कठीण निर्णय', सगळं उसनं. मुलांनी निबंधात अशी चोरी केली तर विद्यापीठातून काढतात. तिथल्या क्रीडासंचालक बाई महिन्याभरात राजीनामा देऊन गेल्या, आणि खेळही पुढं परत आले. मला त्या पत्राचा राग नाही आला. एका दुःखाच्या पत्रात दुसऱ्या विद्यापीठाचं नाव घातलं तरी ते चालतं, याचा अर्थ ते पत्र पहिल्यांदा लिहिलं तेव्हाही कुणाचं नव्हतं.

हे सगळं करोनामुळं झालं, असं म्हणण्याचीही सोय नाही. ब्राउन विद्यापीठानं १९९१ मध्ये चार संघ दर्जा काढून वाऱ्यावर सोडले होते, त्यात मुलींचे दोन, जिम्नॅस्टिक्स आणि व्हॉलीबॉल. वाचणार होते वर्षाला सुमारे ७८ हजार डॉलर. मुली कोर्टात गेल्या. १९७२चा टायटल नाइन नावाचा कायदा म्हणतो की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून कुणाला डावलता येणार नाही. खेळातही. खटला वर्षानुवर्षं चालला, मुली जिंकल्या. कुस्तीवाल्यांच्या पंगतीत बसलं की हा कायदा शिव्या खातो: मुलींसाठी आमचे आखाडे गेले म्हणून. मी कधी मान डोलावत नाही. फुटबॉलच्या संघात शंभरावर पोरं असतात, तो आकडा कुणी कापत नाही. मग तराजू समतोल करायला कुस्तीची तीस पोरं काढायची आणि बोट मुलींकडं दाखवायचं. आयोवानं २०२० मध्ये पोहण्याचे संघ बंद केले तेव्हा मुलींनी याच कायद्याच्या आधारानं आपला संघ परत मिळवला. मुलांचा गेला तो गेलाच.

२० मार्च २०२१. शनिवार. सेंट लुइसला राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम दिवस. आमच्याकडं सोफ्यावर मी, थोरला, आणि टेबलावर डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये आण्णा. तिकडं रविवारची सकाळ. ७५ किलोच्या आसपासचा गट, स्टॅनफर्डचा शेन ग्रिफिथ. आदल्या वर्षी हा पोरगा एकही कुस्ती न हरता राष्ट्रीय स्पर्धेला निघाला होता आणि स्पर्धाच रद्द झाली. या वर्षी आठवं मानांकन. तो मॅटवर आला तो साध्या काळ्या पोशाखात. लाल नाही, विद्यापीठाचं चिन्ह नाही, नाव नाही. ज्या विद्यापीठानं संघ मोडायचा ठरवला त्याचं नाव अंगावर घालायचं नाही म्हणून. कुस्ती मात्र त्याच विद्यापीठासाठी.

"हे पोरगं कुठल्या तालमीचं?" आण्णांनी विचारलं.

"स्टॅनफर्डचं. ज्यांनी कुस्ती बंद केली ते."

"मग नाव का न्हाई घातलं?" आणि मग स्वतःच, "आसं व्हय."

ग्रिफिथ ६-२ नं जिंकला. स्टॅनफर्डच्या इतिहासातला कुस्तीचा दुसराच राष्ट्रीय विजेता, पहिला २००४ मधला. थोरला सोफ्यावर उभा राहून ओरडत होता. बायको वरून खाली आली, कुणाला काही लागलं का बघायला.

आणि आण्णांनी खाशाबा काढले. आमच्याकडं कुस्तीचा विषय कुठूनही निघाला तरी खाशाबांवर येऊन थांबतो. हेलसिंकी, १९५२, कांस्यपदक. जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर सात हजारांना गहाण ठेवून ते उभे केले, असं सांगतात. ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकली आहे आणि दर वेळी सांगणाऱ्याचा गळा दाटतो. आण्णांचा नाही दाटला. "गहान सोडवलं कुनी, ते कोन सांगत न्हाई," ते म्हणाले. "खाशाबांनी परत येऊन कुस्त्या लावल्या. त्यातनं फेडलं." माणूस कॅशिअर.

मे महिन्याच्या १८ तारखेला स्टॅनफर्डनं निर्णय फिरवला. अकराच्या अकरा खेळ राहणार. माजी खेळाडू एकत्र आले होते, कोट्यवधींच्या देणग्यांचे शब्द दिले गेले होते, आठवड्यापूर्वी दोन खटले दाखल झाले होते. विद्यापीठ म्हणालं, परिस्थिती बदलली. बदलली तर होतीच. जूनअखेर संपलेल्या त्या वर्षात स्टॅनफर्डच्या गुंतवणुकीवर ४०.१ टक्के परतावा मिळाला हे आम्हाला नंतर कळलं. कायम निधी ३,७८० कोटी डॉलरवर गेला. नव्वद पैशांच्या तुटीसाठी दहा महिने पोरांना टांगून ठेवलं, तेवढ्यात हजाराचे साडेतेराशे झाले. आणि परत आलं म्हणजे तरी काय? मधल्या काळात काही पोरं दुसरीकडं निघून गेली होती. कुस्तीचे प्रशिक्षकही त्याच वसंतात दुसऱ्या विद्यापीठात गेले. ज्या वर्षी शाळकरी पोरं कॉलेज निवडतात ते वर्षच कोरडं गेलं.

बातमी सांगायला आण्णांना फोन केला. तिकडं दुसरी लाट ओसरत नव्हती. दोन वर्षं मैदानं नाहीत, तालमीतली पोरं उसाच्या फडात, कुणी गवंड्याच्या हाताखाली. खुराक कुठून आणणार, म्हणाले. खुराक शब्द त्यांनीच काढला म्हणून मला धीर झाला. तीस-बत्तीस वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"आण्णा, तुम्ही माझी तालीम का हो बंद केली?"

मला वाटलं आता ते जुनंच वाक्य येणार. ते म्हणाले, "रोजचं दोन लिटर दूध. चार रुपये भाव व्हता. महिन्याला दोनशे चाळीस. बदाम, तूप, आठवड्याला अंडी, समदं धरून चारशेच्या वर. वस्तादाचं येगळं. पगार अकराशे. तुझ्या आत्याचं लगीन अंगावर, आन् तू नुसता रेवड्यावर न थांबता पुढं जाशील ही भीती."

"मग तेव्हा असं सांगायचं ना."

"काय सांगायचं? पोराला परवडत न्हाई म्हनायचं?"

मी काही बोललो नाही. आण्णांकडं खरंच नव्हतं, आणि त्यांनी ते कुस्तीला नाव ठेवून झाकलं. पूल ओलांडून अर्ध्या तासावर ज्यांच्याकडं होतं, त्यांना 'परवडत नाही' म्हणायला काहीच अवघड गेलं नाही.

"पोराला दूध किती देता?" आण्णांनी विचारलं.

"तो दूध पीत नाही. पावडर खातो. प्रोटीनची."

"केवढ्याला?"

"डबा साठ डॉलरला. महिनाभर पुरतो."

फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू येईना. मला वाटलं रेंज गेली. पण चित्र हलत होतं. आण्णा मान खाली घालून गुणाकार करत होते.